पाहुण्याची पिशवी

हॉटेलात पाऊल ठेवलं की काउंटरवरची मुलगी गोड हसते आणि पहिला प्रश्न विचारते तो हा, की तुम्ही जाणार कधी. पाठीवरची सॅक अजून उतरलेली नसते. घशाला कोरड पडलेली असते. प्रवासावर लिहून पोट भरणारा माणूस असल्यामुळे हा प्रश्न मी इतक्या देशांत ऐकलाय की आता त्याचा राग येत नाही. पण मी तिरोड्याजवळच्या एका गावचा आहे, आणि आमच्याकडे पाहुण्याला असं विचारणं म्हणजे त्याच्या ताटात वाढलेला भात उचलून परत गंजात, म्हणजे पातेल्यात, टाकणं.

आमच्या गावात पाहुणा जायचा दिवस सांगत नाही आणि घरचे विचारत नाहीत. एके दिवशी सकाळी आंघोळ उरकून तो म्हणतो, बरं, निघतो आता, आणि बघतो तर त्याची पिशवी जागेवर नसते. कुणीतरी ती धानाच्या कोठीत नाहीतर माळ्यावर लपवलेली असते. पाहुणा रागावल्यासारखं करतो, घरचे कानावर हात ठेवतात, तोवर बस निघून जाते आणि दुपारचं जेवण होतं. आमच्या आत्याच्या यजमानांच्या चपला एकदा इतक्या मन लावून लपवल्या की लपवणाऱ्यालाच सापडेनात. ते माझ्या वडिलांच्या चपला घालून गेले आणि पुढे वर्षभर नातेवाइकांत ती गोष्ट मिरवत फिरले. उलट ज्याला कुणी अडवलं नाही तो पाहुणा आपल्या गावी परतून एवढंच सांगतो, "पिशवीले हात नाही लावला कोणी." मग त्या घराबद्दल कुणी पुढचं विचारत नाही.

मी हॉटेलांवर लिहितो हे गावाला ठाऊक आहे, पण त्याचं कौतुक फारसं नाही. तिरोड्यात हॉटेल म्हणजे बाकडं, कढई आणि तर्री-पोहे. एवढ्या लांब जाऊन हा तिथल्या पोह्यांवर लिहितो आणि त्याचे याला पैसे मिळतात, हे लोकांना थोडं संशयास्पद वाटतं. आईचंही मत त्याहून वेगळं नाही. वडील गेल्यापासून शेती तीच बघते, आणि माझ्या धंद्याबद्दल कुणी विचारलं तर तो फिरून राहिला, एवढं सांगून विषय बदलते.

पण धाकट्या बहिणीला दिवस गेले आणि घरात माझा भाव एकदम वधारला. बहीण लग्न होऊन एका थंड देशात राहते, जावई दुसऱ्या प्रांतातला. पहिलं बाळंतपण करायला आईनं जायचं ठरलं, आणि व्हिसाच्या बाबतीत आमच्या अख्ख्या खानदानात माझ्याएवढा जाणकार कुणी नव्हता. मी आईची तयारी अशी करून घेतली जशी कुणी दहावीच्या पोराची घेतो. सातबारा, बँकेचं पुस्तक, बहिणीचं पत्र, डॉक्टरचं पत्र, सगळं एका फाइलीत. खिडकीमागचा साहेब काय विचारेल, त्याला किती बोलायचं, कुठे थांबायचं, हे घोकून घेतलं. मुंबईच्या गाडीत गोंदियापासून तेच चाललं होतं.

अर्जदाराशिवाय कुणाला आत सोडत नाहीत, म्हणून मी बाहेर फुटपाथवर उभा होतो. आई अगदी समाधानानं बाहेर आली. साहेब सभ्य होता म्हणाली, शेजारी एक मराठी बोलणारी बाईही होती, सगळं नीट समजावून सांगत होती. हातात पासपोर्ट होता आणि पासपोर्टात नकाराचा कागद. मी विचारलं, त्यानं नेमकं काय विचारलं?

"किती दिवस राहणार म्हणे. मी म्हटलं, ते पोरीवर आहे. पाहुण्यानं कायले सांगावं?"

दुभाषी बाईनं हे इमानेइतबारे साहेबाला सांगितलं असणार. साहेबानं ते ऐकून जो अर्थ काढला तो त्याच्या जागी बरोबर होता. ही बाई लेक म्हणेल तितके दिवस आमच्या देशात बसून राहणार. एवढा मोठा देश, अणुबॉम्बला घाबरत नाही आणि तिरोड्याच्या बाईला घाबरतो, असं मी टॅक्सीत बरंच काही बोललो. खरा राग माझ्यावरच होता. जो प्रश्न मी दर आठवड्याला कुठल्यातरी काउंटरवर ऐकतो, तेवढाच सांगायचा राहिला होता.

पुन्हा अर्ज करता येत होता. बहिणीचे दिवस भरत आले होते आणि ती फोनवर धीरानं बोलायची, पण शेवटी आवाज फुटायचा. मी आईला म्हटलं, या वेळी सरळ सांग, दीड महिना राहीन. ती ऐकेना. येण्याआधीच जायचा दिवस सांगायचा ही कुठली रीत? परतीच्या गाडीत वर्ध्यापर्यंत आमचं यावरून वाजत राहिलं. शेवटी मी हात टेकले आणि म्हटलं, एक दिवस सांगून टाकलास तर तुझं काय बिघडतं?

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मीच दिवस सांगून देल्ला, तं पोरगी मले थांब म्हणते का नाही, हे समजन कसं?"

मग मला ते दिसलं. बहीण अलीकडे चार दिवसांसाठी माहेरी यायची ती परतीचं तिकीट घेऊनच. परतीचं तिकीट माझ्याही खिशात असतं, पण मी मुलगा, माझ्याकडून आईची अपेक्षा आधीपासूनच बेताची. लेकीबद्दल मात्र तिला जाणून घ्यायचं होतं. तिकडे जाऊन ती आपली राहिली आहे की हॉटेलासारखी झाली आहे, हे आईला जायच्या दिवशीच कळणार होतं. मला वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला मी काही शिकवलं नाही. तोड तिनंच काढली होती. साहेबानं तोच प्रश्न विचारल्यावर तिनं सांगितलं की धान कापणीला मी घरी पाहिजे, कारण माझा मुलगा धान कुठलं आणि गवत कुठलं हे ओळखत नाही. साहेब म्हणे हसला आणि व्हिसा मिळाला. "दिवस मी नाही सांगितला," आई बाहेर येऊन म्हणाली. "धानानं सांगितला." तिकिटावर परतीची तारीख छापलेली होतीच, पण ती आईनं वाचली नाही. तिकीट घडी घालून मला देऊन टाकलं.

बाळंतपण छान झालं. नातीला रोज तेल लावून न्हाऊ घालणं, डिंकाचे लाडू, बहिणीला शेक, हे सगळं तिकडच्या थंडीत आईनं केलं. मी इकडे शेताच्या बांधावर बसून धानाकडे संशयानं बघत होतो. फोनवर तक्रार एकच यायची, की जावई फारच नीट वागतो. पाहुण्यांची वेगळी खोली, पलंगाच्या पायथ्याशी घड्या घातलेले टॉवेल, सकाळी दारावर टकटक करून चहा. तू लिहितो तसं घर आहे, ती म्हणाली. माझ्या लिखाणावर तिनं दिलेला हा पहिलाच अभिप्राय.

निघायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. जावयानं सगळं सामान आणि तिची खांद्यावरची पिशवीही नेऊन गाडीत ठेवून दिली होती, सकाळी धावपळ नको म्हणून. "चांगला आहे जावई," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी जावयाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येण्यासारख्या नाहीत. बिचाऱ्याचा दोष काहीच नव्हता. बहिणीला फोन करून आठवण करून द्यावी असं फार वाटलं. नंबर काढलासुद्धा. पण सांगून लपवलेल्या पिशवीला काय अर्थ? मी फोन खिशात टाकला आणि परत बांधावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी फोन आला तो जावयाचा. बिचारा पार गडबडून गेला होता, हिंदी आणि इंग्रजीची खिचडी करून बोलत होता. मम्मीजींची पिशवी गाडीतून गायब झाली आहे, पासपोर्ट त्यातच आहे, पोलिसांना कळवू की वकिलातीला? गाडीला कुलूप होतं आणि किल्ली घरातच होती. मी विचारलं, तुझी बायको काय म्हणते? ती बाळाला पाजते आहे म्हणाला, तिला काहीच माहीत नाही म्हणते. आणि मम्मीजी? मम्मीजी शांतपणे सोफ्यावर बसल्या आहेत, चप्पल काढून.

मी त्याला म्हटलं, चहा ठेव आणि तूही बस. त्याला वाटलं मेव्हण्याचं डोकं फिरलं. विमान गेल्यानंतर पिशवी कपडे वाळवायच्या यंत्रात सापडली, बाळाच्या दुपट्यांखाली. बुडालेल्या तिकिटाबद्दल जावयानं आजवर चकार शब्द काढलेला नाही.

आई पुढच्या मिळेल त्या विमानानं आली. धान शेतात उभंच होतं, त्याचं काही बिघडलं नाही. गोंदिया स्टेशनवरून तिला घेऊन घरी पोचलो तेव्हा अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. विमान कसं होतं, तिकडं लोक काय खातात, थंडी किती, नात कोणावर गेली, सगळं एकदमच विचारलं. आईनं पाय धुतले, पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

"निघाच्या दिवशी," ती म्हणाली, "माही पिशवी सापडूनच नाही राहिली होती."