राष्ट्राध्यक्ष पसंत आहेत का?

एका शनिवारी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या घरी सर्व्हेचा फोन आला. राष्ट्राध्यक्षांचं काम तुम्हाला पसंत आहे का, असं फोनवरच्या बाईंनी विचारलं. सकाळपासून मी टीव्हीसमोर बसून त्याच माणसाला शिव्या घालत होतो. तरी तोंडातून निघालं, "हो, एकदम पसंत आहे." इतकी वर्षं व्हिसावर काढलेली. सरकारबद्दल कुणीही विचारलं की गोड बोलायचं, हे अंगात मुरलेलं. सिटिझन झालो तरी ते गेलं नाही. त्यांच्याकडे माझा नंबर होता ना!

पुढच्या आठवड्यात टीव्हीवर पसंतीचा आकडा वर गेलेला दिसला. "कोण मूर्ख आहेत हे लोक?" मी ओरडलो. माझं फोनवरचं उत्तर बायकोने ऐकलं होतं. तिने पोळी लाटायची थांबवली आणि लाटणं माझ्याकडे रोखलं.

परवा माझ्या मुलीला तसाच फोन आला. ती इथेच जन्मलेली, माझ्यासारखी भित्री नाही, एवढाच मला आधार होता. तिने शांतपणे सांगितलं, "येस, आय अप्रूव्ह."

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला आणि ती म्हणाली, "बाबा, दे हॅव माय नंबर."