हातात बसेल अशी मूठ

ब्राउनश्वाइगच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत मी पीएच.डी. करत होते, तेव्हा माझं सगळं काम मुठींवर चाललं होतं. स्क्रू ड्रायव्हरची मूठ, ड्रिलची मूठ, झाडं छाटायच्या कात्रीची मूठ. दिवसभर काम करणाऱ्या माणसाचा हात कमीत कमी दुखावा म्हणून ती किती जाड असावी, किती लांब असावी, हे मी शेकडो हात मोजून ठरवत होते. नाशिकला फोन केला की बाबा विचारायचे, "अजून मुठीच चालल्यात का गं?" मी हो म्हणायचे, आणि मग विषय हवेवर जायचा.

मी शहराबाहेर, बसने अर्ध्या तासावरच्या गावात राहायचे. एका वृद्ध जोडप्याच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला होता. मालक आयुष्यभर जंगलखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले, उंच आणि मितभाषी. तोंडावर मी त्यांना 'हेर', म्हणजे जर्मनमधलं श्रीयुत, लावून आडनावाने हाक मारायचे, मनात मात्र आजोबा म्हणायचे. आजोबा शिकारी होते. गावाभोवतीच्या शेतांत आणि रानात शिकार करायचा हक्क त्यांच्याकडे होता आणि त्या हक्काबरोबर एक कामही यायचं. रस्त्यावर हरणाला गाडीची धडक बसली आणि ते मेलं नाही, तर पोलीस आजोबांना फोन करायचे. मग आजोबा जाऊन त्या जनावराला सोडवायचे. 'मारणं' हा शब्द ते या कामासाठी कधी वापरायचे नाहीत.

त्यासाठी त्यांच्याकडे एक छोटं रिव्हॉल्व्हर होतं. कोटाच्या आत मावेल असं, आखूड नळीचं. कपड्यात अडकू नये म्हणून गोळीवर आदळणारी मागची हातोडीसुद्धा आत झाकलेली. त्याची मूठ अक्रोडाच्या लाकडाची होती, गुळगुळीत आणि इतकी लहान की करंगळीला जागाच उरायची नाही. पंचवीस वर्षं त्यांना ती चालली होती. मग संधिवात आला. उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं, बोटं पुरती मिटेनाशी झाली.

मी तिथे राहायला गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, एका पहाटे त्यांना बोलावणं आलं. ते परत आले तेव्हा मी बससाठी निघाले होते. मी नेहमीसारखं 'मॉर्गन', म्हणजे सुप्रभात, म्हणाले. ते माझ्याकडे न बघता आत गेले. संध्याकाळी मालकीणबाईंनी जिन्यात थांबवून सांगितलं, "तीन गोळ्या लागल्या आज. पहिल्या गोळीलाच रिव्हॉल्व्हर हातात फिरलं. हरीण ओरडत होतं म्हणे. सकाळपासून जेवले नाहीत."

आठवड्याने आजोबांनी मला खाली स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर ते रिव्हॉल्व्हर, रिकामं, चक्र उघडून ठेवलेलं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. खेळण्यासारखं दिसत होतं.

"हात लावू नका," ते म्हणाले. "तुमच्याकडे परवाना नाही. फक्त बघा. तर, तुम्ही लोकांचे हात मोजता ना? मग माझा मोजा. मला नवी मूठ बसवायची आहे."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतून पकड मोजायचं यंत्र घेऊन आले. त्यांनी ते उजव्या हातात धरून दाबलं. मी आकडा पाहिला आणि पुन्हा दाबायला सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं. मी मोजलेल्या सगळ्या पुरुषांत इतका कमी आकडा कुणाचाच नव्हता.

"काय म्हणतं यंत्र?"

"थोडी कमी आहे ताकद," मी म्हणाले. "पण मूठ नीट असली तर फरक पडेल."

हे खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मूठ हाताला भरून बसली तर धक्का तळव्यात वाटला जातो, कमी दुखतं, हत्यार फिरत नाही. तेवढं मला ठाऊक होतं. इतक्या दुबळ्या हातात कुठलीही मूठ दिली तरी तो हात गोळी झाडण्याजोगा राहिलेला नाही, हेही ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी मालकीणबाई वर आल्या. त्या कधी वर यायच्या नाहीत. मी चहा विचारला, तर खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "माझं एक काम करा. त्यांना सांगा, कुठलीच मूठ बसणार नाही म्हणून. माझं ऐकत नाहीत, मुलीचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्याकडे यंत्र आहे."

मी बघते म्हणाले. त्यांना ते 'हो' वाटलं असावं, कारण जाताना त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

मी सांगितलं नाही. का, हे नीट सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या भावाने बाबांच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती. बाबांना एका डोळ्याने दिसेनासं झालं होतं, दोनदा पडले होते. भावाचं चुकलं नव्हतं. पण मी सुट्टीत घरी गेले तेव्हा बाबा दुपारी चार वाजताच अंथरूण घालायला सांगत होते. इथे दुसऱ्याच एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातून मी काही काढून घ्यावं, हे मला जमेना. शिवाय मोह होता. मूठ हा माझा विषय होता, आणि पहिल्यांदाच कुणीतरी खऱ्या गरजेने मला त्याबद्दल विचारलं होतं.

मी प्लॅस्टिसिनचे गोळे आणले. आजोबांनी ते मुठीत आवळायचे आणि उमटलेल्या खाचा मी मोजायच्या. तीन संध्याकाळी आम्ही हे करत बसलो. ते न विचारता बोलू लागले. पहिलं हरीण त्यांनी कुठे सोडवलं, बर्फात जखमी जनावराचा माग कसा काढतात, मरणाऱ्या हरणाच्या समोर कधी उभं राहू नये, बाजूने जावं. मालकीणबाई ओट्याशी बटाटे सोलत असायच्या. त्यांनी एकदाही वळून बघितलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याच्या दुकानात तेलाचा आणि मेणाचा वास होता. त्याने चार-पाच मुठी काढून फडक्यावर मांडल्या. पहिली मूळच्यासारखीच अक्रोडाची, पण थोडी फुगीर. आजोबांनी ती आधी उचलली, कारण ती सुंदर होती. कारागिराने मान हलवली. "घाम आला, पाऊस आला, की निसटेल." दुसरी पातळ रबराची. कोटात ती दिसणार नाही, अडकणार नाही, पण करंगळी पुन्हा अधांतरी. तिसरी रबराचीच, लांब, बोटांसाठी खाचा असलेली. मागच्या पोलादी कण्यावरूनही तिचं रबर जात होतं, म्हणजे धक्का थेट हाडाला लागणार नाही.

"ही कोटाच्या अस्तरात अडकते," कारागीर म्हणाला. "रबर कापडाला चिकटतं. पटकन काढायचं असेल तर त्रास."

"मला कुठे घाई असते," आजोबा म्हणाले. "माझं जनावर पळत नाही."

त्याने तीच बसवली. रिव्हॉल्व्हरमध्ये सरावाची पोकळ काडतुसं घातली आणि आजोबांच्या हातात दिलं. आजोबांनी पकडलं. पाचही बोटं जागेवर बसली. त्यांनी भिंतीतल्या एका खिळ्यावर नेम धरला आणि चाप ओढला. एकदा, दोनदा, पाच वेळा.

"गेनाऊ," ते म्हणाले. "अगदी हीच."

आणि ते हसले. त्या माणसाला मी फार वेळा हसताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते, आणि मला दिसलं होतं. मागच्या बाजूला रबराचा थर आल्याने त्यांचा हात तेवढाच मागे सरकला होता. चापावर तर्जनीचं पेर यायला हवं, तिथे आता नुसतं टोक टेकत होतं. त्या रिव्हॉल्व्हरला बाहेरची हातोडी नसल्याने ती अंगठ्याने मागे ओढून चाप आधी हलका करून घ्यायची सोय नव्हती. प्रत्येक वेळी तो पुरता जडच ओढावा लागे. बोटाच्या टोकाने जड चाप ओढणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण दुकान उबदार होतं, पाच वेळा चाप ओढला गेला होता, आणि ते हसत होते. मी म्हणाले, "छान बसली."

नोव्हेंबरात, दुपारचे साडेचार वाजले असतील, अंधारून आलं होतं. मी त्या दिवशी घरीच लिहीत बसले होते. खालून आजोबांनी हाक मारली. पोलिसांचा फोन आला होता, मालकीणबाई डॉक्टरकडे गेल्या होत्या, टॉर्च धरायला कुणी हवं होतं.

जागा जवळच होती, बीटाच्या शेतांमधल्या रस्त्यावर. एक लाल गाडी कडेला तिरकी उभी, तिच्यापाशी एक तरुण बाई रडत होती. एकच पोलीस होता. हरीण गवतात पडलं होतं. आपल्या भेकराएवढं, मादी. मागचं अंग हलत नव्हतं, पुढच्या पायांवर उठायचा प्रयत्न करत होती आणि पुन्हा पडत होती.

आजोबांनी त्या बाईला गाडीत बसायला सांगितलं. हातमोजा काढला. रिव्हॉल्व्हर काढताना ते अस्तरात अडकलं, पण त्यांनी शांतपणे सोडवून घेतलं. मग बाजूने जवळ गेले. मी टॉर्च धरला. हात स्थिर होता, मूठ अगदी घट्ट बसली होती. मी वाट बघत राहिले.

काहीच झालं नाही. थंडीने ताठलेली तर्जनी पांढरी पडली होती. चाप अर्ध्यावर यायचा आणि थांबायचा. त्यांनी बोट सोडलं, पुन्हा घातलं. डावा हात आधाराला आणला, आता नळी हलायला लागली. त्यांनी लगेच हात खाली घेतला. एवढ्या वेळात हरणी दोनदा उठून पडली.

पोलीस जवळ आला. त्याच्या आवाजात कसलीही घाई नव्हती. "मी करतो," तो म्हणाला. "तुम्ही मला जागा दाखवा, फक्त."

आजोबांनी बोटाने जागा दाखवली. पोलिसाने आपल्या पिस्तुलाने एक गोळी झाडली. आजोबा गुडघ्यावर बसले, तिच्या डोळ्याला स्पर्श करून ती गेल्याची खात्री केली, आणि मग त्यांना उठता येईना. मी आणि पोलिसाने दोन बाजूंनी धरून उठवलं.

परतताना मी गाडीत बोलायला लागले. "चूक माझी आहे. मूठ जाड झाली, बोट पोचत नव्हतं. मला दुकानातच दिसलं होतं. मी सांगायला हवं होतं. यंत्रावरचा आकडाही मी..."

"हो, हो," त्यांनी मला थांबवलं. "बोट माझं आहे. पोचत नाही हे तुमच्या आधी मला कळलं." मग म्हणाले, "मला ती मूठ हवी होती. तुम्ही नको म्हणाला असतात तर दुसऱ्या कुणाला तरी विचारलं असतं."

हे माझ्या समाधानासाठी होतं की खरं होतं, मला कळलं नाही.

त्या आठवड्यातच त्यांनी रिव्हॉल्व्हर कारागिराकडे देऊन टाकलं, आणि वर्ष संपायच्या आत परवानाही परत केला. त्यांच्या रानातला शिकारीचा हक्क शेजारच्या गावातल्या एका चाळिशीच्या शिकाऱ्याने घेतला. मालकीणबाई काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एकदा तळघरात आम्ही दोघीच कपडे वाळत घालत होतो, तेव्हा त्या चादरीच्या पलीकडून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं असतं तर हे इथे संपलं असतं, स्वयंपाकघरात. आता ते रस्त्यावर संपलं, पोलिसासमोर." आवाज चढलेला नव्हता. चादरीचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे दिलं, आणि आम्ही ती दोरीवर ताणली.

प्रबंधात मी एक प्रकरण नव्याने लिहिलं, बोटांच्या पोचेबद्दल. त्यासाठी म्हातारे हात पुन्हा मोजावे लागले आणि एक सेमिस्टर वाढलं. माझ्या प्राध्यापकांना ते प्रकरण सगळ्यात चांगलं वाटलं. मी मात्र ते तपासायला घेतलं की दर वेळी मध्येच मिटून ठेवायचे.

दोन वर्षांनी आजोबा आणि मालकीणबाईंनी घर विकलं आणि मुलीजवळ बॉनला राहायला गेले. मी एकदा नोकरीच्या मुलाखतीसाठी बॉनला गेले, तेव्हा त्यांच्याकडे कॉफीला थांबले. चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या. आजोबा बारीक झाले होते. मालकीणबाईंनी त्यांच्या बशीतला केक न विचारता बारीक तुकडे करून दिला, आणि त्यांनीही तो निमूट खाल्ला. मी सध्या काय करते, ते आजोबांनी विचारलं. गाड्यांच्या दारांच्या कड्या, मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

निघताना ते माझ्याबरोबर लिफ्टने खाली आले. ट्रामचा थांबा समोरच होता. आम्ही दोघं तिथे जाऊन उभे राहिलो.

"इथे हरणं नाहीत," ते म्हणाले. मग ट्राम आली.

ती नोकरी मला मिळाली नाही, त्यामुळे बॉनला पुन्हा जाणं झालं नाही.