गादीखालचा तरवटा

भाऊसोंच्या गादीखाली पाला सापडला आणि घरात शिमगा झाला.

आता तुम्हीच सांगा, रात्रभर कबनूरच्या कारखान्यात मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सकाळी कुरुंदवाडला घरी येतो, चहा घेतो, गादीवर पाठ टेकतो आणि पाठीखाली काहीतरी कुरकुरतं. त्याचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? भाऊसोंनी गादी उचलली. खाली जुनी वर्तमानपत्रं, आणि त्यांच्या घडीत नीट हातपाय पसरून झोपलेला तरवटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी. मुळासकट.

"अगं ए, हिकडं ये!" मीनाबाई चुलीपुढनं उठायच्या आत दुसरी हाक आली, "ह्यो तरवटा माज्या हंतरुणात कुणी घातला?"

"मी घातला, पप्पा," दीक्षा दारातनं म्हणाली. कॉलेज कोल्हापुरात, शाहूपुरीत तिघी मैत्रिणींबरोबर खोली, आणि शनिवार-रविवार घरी, असा तिचा क्रम. "अभ्यासाचा हाय त्यो. झाड कागदात दाबून वाळवायचं असतंय. वर वजन लागतंय."

"मग माजंच वजन घावलं व्हय तुला?"

एरवी या बोलण्यावर घर हसलं असतं. पण भाऊसोंचा चेहरा बघून कुणी हसलं नाही. त्यांनी ती वर्तमानपत्रं उचलली आणि अंगणात भिरकावली. कोंबड्या धावत आल्या, कागदात चोच घालून बघितली, आणि पसंत पडेना म्हणून निघून गेल्या.

"ऐक," भाऊसो म्हणाले, "डिग्रीचं शेवटचं वरीस हाय, तेवढं कर. पुढचं नाव काढायचं न्हाय. इचलकरंजीत सुताच्या पेढीवर कॉम्प्युटरवर बसायला पोरगी पायजे, मी शब्द टाकलाय. पाला वाळवायला न्हाय शिकवली तुला."

दीक्षा अंगणात गेली आणि वर्तमानपत्रं गोळा करायला लागली. तिला एम.एस्सी. करायची होती, आणि तीही याच विषयात: माणसं कुठली झाडं खातात, कुठली लावतात, कशाला वापरतात. लोकवनस्पतिशास्त्र म्हणतात त्याला. बी.एस्सी.ला हा विषय पहिल्यांदा समोर आला तेव्हा तिला वाटलं होतं, अरेच्चा, हे तर आपल्या घरामागचं! बाकीच्या पोरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या, ही बांधाकडं बघत बसायची. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पालाही तिनं हाच विषय घेतला: गावातल्या रानभाज्या आणि औषधी झाडं. प्रकल्प असा करायचा की पप्पांनी स्वतः म्हटलं पाहिजे, शिक पुढं. असं तिनं मनाशी ठरवलं होतं. आणि पप्पांनी तर प्रकल्पच कोंबड्यांपुढं टाकला.

बरं, प्रकल्पाचीही गत काही वेगळी नव्हती. जूनपासून ती गावोगावच्या पारावर जाऊन बसत होती. हातात फांदी धरायची आणि विचारायचं, हे काय, कशाला वापरता? माहिती नुसती पावसासारखी! दीक्षा खूश. वहीवर वही भरत होती. मग आदल्याच रविवारी घोटाळा झाला. दाबायचा सराव करायला म्हणून तिनं कॉलेजच्या फाटकापाशी लावलेल्या शोभेच्या झाडाची रंगीत पानं पिशवीत टाकली होती. पारावर गडबडीत तीच हातात आली.

"हे व्हय?" एक म्हातारबा म्हणाले. "ह्याचा रस कानात पिळायचा. ठणका जाग्यावर बंद."

"कानात कशाला?" दुसरे उसळले. "मुतखड्याला द्यायचं हे. माजा मेव्हणा ह्याच्यावरच उठला की!"

"म्हशीला घाला, दूध वाढतंय," तिसऱ्यांनी निकाल दिला.

दीक्षानं सगळं लिहून घेतलं. पिशवी भरताना तिचं लक्ष पानाकडं गेलं. ते झाड गावच्या शिवारात औषधालासुद्धा नव्हतं. नर्सरीतनं, कुंडीतनं, थेट कॉलेजच्या फाटकापाशी आलेलं! आधी तिला हसू आलं. इतकं आलं की म्हातारबांना वाटलं, पोरीला काहीतरी झालं. मग परतीच्या एस.टी.त तिला रडू आलं. कारण या पानाबद्दल जर एवढं सांगतात, तर आधीच्या पानांबद्दल काय काय सांगितलं असेल?

त्यांचीही चूक नाही म्हणा. आपल्याकडं पत्ता विचारा, 'ठाऊक न्हाय' असं कुणी म्हणतं का? दारात आलेल्या पावण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही आपली रीत. चहा नसला तर निदान उत्तर तरी द्यायचं. पोर लांबनं आली, उन्हातनं आली, वही उघडून बसली. तिला 'माहीत न्हाय' म्हणायचं म्हणजे माणुसकी सोडली की हो!

सोमवारी तिनं अवंतिका मॅडमना, म्हणजे तिच्या मार्गदर्शक बाईंना, सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता बोलणी बसणार. मॅडम पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं, तुला आत्ताच कळलं. काहींना पीएच.डी. झाली तरी कळत नाही. आता नव्यानं लाग. ऑगस्टच्या शेवटी आपल्याकडं रानभाज्यांचं प्रदर्शन आहे, तुझं काम तिथं मांडायचं. आणि मला ऐकीव नको, पाहिलेलं हवं."

पाहिलेलं! म्हणजे काय करायचं? शनिवारी घरी आल्यावर, तो गादीचा शिमगा ओसरल्यावर, तिनं आईला विचारलं. मीनाबाई भांडी घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "उद्या माज्याबरोबर भांगलायला चल. खुरपं धर. वही घरात ठेव."

दुसऱ्या दिवशी उसाच्या सरीत तण काढायला सात-आठ बायकांची ओळ बसली. टोळीची मुकादम चिमणाबाई, आवाज असा की पलीकडच्या शिवारातली गाय वळून बघेल. दीक्षाचं खुरपं पाचव्या मिनिटाला बोटाला लागलं. "कॉलेजात शिकवलं न्हाय व्हय हे?" चिमणाबाईंनी टोमणा मारला आणि आपल्या डोक्याची चिंधी काढून तिचं बोट बांधलं.

बायका बोलत होत्या, पण झाडांबद्दल एक अक्षर नाही. सुनांबद्दल, मोबाइलच्या रिचार्जबद्दल, कुणाच्या लग्नातल्या फजितीबद्दल. हात मात्र आपला कारभार करत होते. तण उपटलं की बहुतेक बांधावर जायचं, आणि मधनंच एखादं अलगद कमरेला खोचलेल्या पदराच्या ओट्यात. पाथरी ओट्यात, तांदळी ओट्यात, चिघळ ओट्यात. दीक्षानंही पाथरी दिसली की घाईघाईनं ओटा भरला. चिमणाबाईंनी तिचा ओटा धरून झटकला.

"ह्या कडंची न्हाय घ्यायची, बाई. परवा तणनाशक मारलंय हिकडं. पोट धरून बसशील."

दीक्षा लाजली, पण मनातनं हरखली. पारावर इतक्या दिवसांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? तिनं विचारलंच नव्हतं, आणि विचारायचं कसं हेही तिला ठाऊक नव्हतं.

दुपारी बांधावर भाकरी सुटली. मीनाबाईंनी ओट्यातली पाथरी पाण्यात खळबळली, कच्चीच भाकरीवर ठेवली, वर चटणी, आणि डोळे मिटून घास घेतला. दीक्षा बघतच राहिली. घरात आईला असलं काही खाताना तिनं कधी बघितलं नव्हतं.

"घरी का न्हाय आणत, आई?"

मीनाबाईंनी बाकीच्या बायकांकडं एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुज्या पप्पांचे वडील लवकर गेले. आजी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. पावसाळाभर घरात तरवटा. सकाळी तरवटा, रात्री तरवटा, शाळेच्या डब्यात तरवटा. एकदा पोरांनी डबा उघडला आणि सगळा वर्ग शेळीवानी ओरडाय लागला. त्या दिसापासनं त्यांनी डबाच न्हेला न्हाय. उपाशी बसायचे. लग्नात मला एकच सांगितलं, दुसरं काय बी रांध, पाला न्हाय. मग मी हितंच खाते. त्यांचं त्यांच्यापाशी, माजं माज्यापाशी."

दीक्षानं हातातला घास खाली ठेवला. अंगणात भिरकावलेली ती वर्तमानपत्रं तिला आठवली. पप्पांचा राग तिच्या अभ्यासावर नव्हताच, आणि तिनं नेमका तोच तरवटा नेऊन त्यांच्या पाठीखाली घातला होता. सगळी झाडं सोडून तरवटा! तिला स्वतःचाच राग आला आणि बापाची फार फार माया आली.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला ती भांगलायला गेली. संध्याकाळी बायकांनी ओटे रिकामे केले की काय निघालं ते बघायचं, कुणाच्या घरी कसं शिजतं ते बघत चुलीपाशी बसायचं. झाडं दाबायला तिनं खोलीवर विटांचा ढीग केला. घरी भाऊसोंपुढं विषय काढला नाही. सुताच्या पेढीची गोष्ट मात्र दर आठवड्याला निघायची.

प्रदर्शनाला मॅडमनी नुसते कागद नकोत म्हणून सांगितलं. "खायला घाल लोकांना." मग चिमणाबाईंनी फर्मान काढलं आणि टोळी भाकऱ्या बडवायला बसली. सकाळी बायका एस.टी.नं निघाल्या. भाज्यांची पातेली आणि भाकऱ्यांच्या बुट्ट्या न्यायच्या कशा? मीनाबाईंनी नवऱ्याकडं नुसतं बघितलं. भाऊसोंनी शेजारच्याचा टेम्पो आणला.

"फाटकापतोर सोडतो," ते म्हणाले. "आत येणार न्हाय."

आणि खरंच आले नाहीत. फाटकापाशी, त्या रंगीत पानांच्या झाडाजवळ, टेम्पोला टेकून उभे राहिले. आत दीक्षाचं टेबल लागलं. चिमणाबाई पळी घेऊन अशा उभ्या की जणू जेवणावळ त्यांच्याच घरची. पोरापोरींची रांग दारापर्यंत आली. कोण म्हणतं पाथरी द्या, कोण म्हणतं तरवटा द्या, अजून एक भाकरी द्या. बघता बघता बुट्टी रिकामी झाली आणि दुसरी बुट्टी टेम्पोतच राहिल्याचं मीनाबाईंच्या ध्यानात आलं.

त्या निघणार तोच भाऊसो बुट्टी खांद्यावर घेऊन दारात. आत यायचं नव्हतं, पण भाकऱ्या वाट बघत नाहीत. दारातच त्यांचे पाय थांबले. समोर कॉलेजची पोरं, चांगल्या घरातली, इस्त्रीच्या कपड्यातली, ताटली पुढं करून तरवटा मागत होती. कुणी ओरडत नव्हतं. एक मुलगी तर पातेल्याचा तळ खरवडून द्या म्हणत होती.

चिमणाबाईंनी काही न विचारता त्यांच्या हातात भाकरी ठेवली, वर तरवटा. भाऊसोंनी घास तोडला. चावला. बराच वेळ चावला. मग लेकीकडं बघून, नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले,

"हरभऱ्याची डाळ कशाला घातलीया हिच्यात? माजी आई जवसाचं कूट घालायची. आणि कोवळाच शेंडा घ्यायची, फूल यायच्या आदी. हे निबार झालंय."

दीक्षानं काही विचारलं नव्हतं. एक प्रश्नसुद्धा नाही. तिचे डोळे भरून आले आणि ती वेड्यासारखी हसत राहिली. मॅडमनी लांबनं बघितलं आणि मान डोलावली. भाऊसोंनी दुसरी भाकरी मागून घेतली.

पुढच्या शनिवारी दीक्षा घरी होती. भाऊसो रात्रपाळीवरनं आले, चहा घेतला, आणि डब्याच्या पिशवीतनं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कारखान्यामागच्या पडीक जागेतला कोवळा तरवटा होता, मुळासकट. शेंड्याला एक फूल नाही.

"कागद आण," ते म्हणाले.

दीक्षानं वर्तमानपत्र आणलं. बापलेकीनं मिळून पानं नीट पसरली. भाऊसोंनी स्वतः गादी उचलली, घडी खाली सारली, गादी सारखी केली आणि तिच्यावर आडवे झाले. डोळे मिटले. दीक्षाला वाटलं, झोप लागली.

"यमेस्सीला किती वर्सं लागत्यात?"

"दोन, पप्पा."

भाऊसो भिंतीकडं तोंड करून कुशीवर वळले. खाली कागद कुरकुरला.

"मग दोन वर्सं गादी उचलायची न्हाय कुणी. इटा-बिटा काय नकोत. मी हाय की वजनाला."