फेस थांबेपर्यंत

माती तपासायच्या लॅबमध्ये त्याला सगळे ‘मेलगाडी’ म्हणत, आणि त्यालाही ते भारी वाटे. चिकणमातीचे कण शेणखताला, कुजलेल्या पाल्याला घट्ट धरून बसतात. ते सुटे करायला नमुन्यावर औषध ओतायचं आणि फेस थांबेपर्यंत वाट बघायची. माती जितकी कसदार, तितकी ती जास्त वेळ फसफसते. पण मेलगाडी कसली थांबते! तो नमुना तसाच पुढे ढकली, आणि न सुटलेल्या गुठळ्या रेती म्हणून मोजल्या जात.

आत्याच्या शेताचा कागदही त्यानंच दिला होता: ‘रेताड जमीन.’

पाच वर्षांनी आत्या पिशवीत माती घेऊन आली. “तू सांगितलंस म्हणून शेणखत बंद केलं रे. रेतीत कशाला ओतायचं?”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं तिची माती भांड्यात घातली, औषध ओतलं आणि नोकरीत पहिल्यांदाच स्टूल ओढून फेस थांबायची वाट बघत बसला.

फेस जेमतेम आला आणि दोन मिनिटांत विरलासुद्धा.

“झालं पण?” आत्या कौतुकानं म्हणाली. “उगाच नाही तुला मेलगाडी म्हणत!”