भिंगरीबाईंचा प्रश्न

भिंगरीबाई एका जागी कधी टेकल्याच नाहीत. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायच्या, निम्मा आमच्या ओट्यावर सांडायचा. होत्या डॉक्टर. नव्वदच्या दशकात इगतपुरीकडच्या आमच्या गावात फेफऱ्याची माणसं किती, ते मोजायला आल्या होत्या. नाव गावानं ठेवलेलं.

"घरात कुणाला फिट येते का?" असं विचारलं की लोक दारच लावायचे. "आमच्यात तसलं काय नाय," आईनंही ठणकावलं. मी आतच होते. मला फिट यायची आणि मनमाडचं रेल्वेतलं स्थळ नुकतंच चालून आलं होतं. आईचा जीव त्यात अडकलेला.

बाई चरफडत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! चपला न काढताच म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे कांदा कुणाला हुंगवावा लागतो?"

"हिला," आई बोलून गेली आणि तोंडाला पदर लावून मटकन बसली.

मी बाहेर आले. म्हटलं, "धरा मला मोजणीत."

"नाव कुठं फुटणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि गावात तू एकटीच आहेस असं समजू नकोस. अशा पुष्कळ आहेत गं, फक्त बोलत नाही कुणी." मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू.

त्यांनी गोळ्या सुरू केल्या. पाहुणे बघायला आले तेव्हा मी मुलाला सगळं सांगून टाकलं. पोहे तसेच टाकून मंडळी उठली. आईनं बाईंचा असा उद्धार केला की विचारू नका.

बाई शेवटच्या फेरीला आल्या, त्या दिवशी गल्लीतल्या बायका नुसत्या नकारार्थी माना हलवत होत्या. बाई या दारातून त्या दारात, घामाघूम. ओट्यावर तांदूळ निवडणारी आई मधेच सूप आपटून उठली. आता बाईंची काही खैर नाही, असं मला वाटलं.

"किती नाय नाय करता गं?" आई गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली. "माझ्या पोरीला येते फिट. सोयरीक मोडली, मोडू दे. पन गोळी चालू हाय, अन् आता मी तिला चुलीपाशी एकटी सोडते."

 मग समोरच्या काकूंनी आपल्या थोरल्या सुनेला हाताला धरून बाहेर आणलं. ती आणि मी रोज बरोबर पाण्याला जायचो.