हिरवी टिकली

अख्ख्या नाशकात टीव्हीला कुणी रीतसर नापास केलं असेल, तर ते आमच्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या मुलीच्या सासऱ्यांनी. नावं काय, सगळेच ठेवतात आणि जेवायला पुन्हा त्याच्याच समोर बसतात. व्याह्यांचा जन्म सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेला. चांगल्या मालाला हिरवी खूण, वाईटाला लाल, आणि लाल खुणेचा माल दाराबाहेर जाणार नाही, असा तिथला रिवाज. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटली नाही. मिसळ खायला बसले तरी आधी पाव दाबून बघतात, चमच्याने मटकी ढवळतात आणि निकाल देऊनच पहिला घास घेतात. आमच्याकडे मुलगी बघायला आले तेव्हा मुलीपेक्षा आमच्या दाराची बिजागरीच त्यांनी जास्त वेळ बघितली. जाताना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. बिजागरीला तेल घाला." पोर चांगल्या घरी पडतेय, हे मी तेव्हाच ओळखलं.

अशा माणसाच्या घरात आमची अडीच वर्षांची नात टीव्हीसमोर बसून जेवायची. नजर पडद्यावर, घास ओठाला लागला की तोंड आपोआप उघडायचं. टीव्ही बंद केला की तोंडही बंद. व्याही शेजारी वाटी घेऊन बसायचे. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी भरवतो हो, पण ती माझ्याकडे एकदासुद्धा बघत नाही. उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तरी तिला पत्ता लागायचा नाही." एरवी सगळ्या जगाला निकाल सुनावणारा हा माणूस बोलताना इतका बारीक झाला, की मला गलबलून आलं.

मग त्यांनी लहान मुलांच्या कार्यक्रमांची तपासणी सुरू केली. चष्मा पुसून, टीव्हीसमोर पाटावर बसून. नापास कार्यक्रम दिसला की विहीणबाईंच्या पाकिटातली लाल टिकली टीव्हीच्या चौकटीवर लागायची. "आमच्या मुलाच्या लहानपणी एक बाई बाहुली हातात घेऊन विचारायची, हा कोण? आणि गप्प बसायची. पोरं घरातून ओरडून उत्तर द्यायची. आता बघा! गाढव गातंय, ट्रक नाचतोय, आणि कुणी क्षणभर थांबायला तयार नाही. पोरांनी बोलायचं कधी?" चौकट लालेलाल झाली. केबलवाल्याला फोन करून त्यांनी "तुमचा माल परत घेऊन जा" म्हणून बजावलं. तो बिचारा म्हणाला, "काका, आम्ही फक्त वायर देतो." इकडे विहीणबाईंच्या पाकिटात हिरव्या टिकल्या तेवढ्या उरल्या. "सणावारालासुद्धा हिरवीच लावतेय मी," त्या कुरकुरल्या. हिरवी लागावी असा कार्यक्रम यांना सापडतच नव्हता.

शेवटी त्यांनी माळ्यावरचा जुना डबा टीव्ही खाली काढला. आतलं सगळं भंगारवाल्याला दिलं आणि रिकामा सांगाडा टेबलावर ठेवून स्वतः मागे बसले. चौकटीतून त्यांचं गोल तोंड दिसू लागलं. हातात एक कांदा. "हा कोण?" त्यांनी विचारलं आणि गप्प बसले. नात बघत राहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "कांदा." मग हळूच, "आजोबा." व्याह्यांचे डोळे भरले. त्यांनी कांद्यावर ढकललं, पण कांदा चिरलेला नव्हता.

पुढे काही दिवसांत नातीचा, म्हणजे या नव्या टीव्हीच्या मालकीणबाईंचा, रुबाब वाढला. कंटाळा आला की ती व्याह्यांवर रिमोट रोखायची आणि ते निमूटपणे कार्यक्रम बदलायचे. कांद्याचं माकड व्हायचं, माकडाची बस. मात्र दर प्रश्नानंतर थांबायचं, हा नियम त्यांनी मोडला नाही. एके दिवशी वरणभात संपवून ती उठली, आजीच्या कपाळावरची हिरवी टिकली काढली आणि आजोबांच्या चष्म्याच्या काडीवर लावली. तिला त्यातलं काही कळलं होतं की नाही, देव जाणे. व्याह्यांनी मात्र टिकली आजतागायत काढलेली नाही.

परवा दुपारी मी सहज गेलो. नात आता बालवाडीत जाते. व्याही त्या सांगाड्यामागे बसलेले. "काय, बरं आहे ना?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी तेच. मी घाबरून विहीणबाईंकडे बघितलं. त्या शांतपणे शेंगा सोलत होत्या.

"निघताना तिनं रिमोटनं बंद केलंय त्यांना," त्या म्हणाल्या. "ती येऊन चालू करीपर्यंत बोलायचे नाहीत. रोजचंच आहे."

व्याही चौकटीतून माझ्याकडे बघून हसले आणि पुन्हा दाराकडे बघू लागले. मला त्यांचा मनापासून हेवा वाटला. मग मीही खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर गप्प बसून राहिलो.