बदक चालू झालं का?

आम्ही कुपवाडच्या क्लासचे जुने गडी भेटलो की चहा गार होतो, पण किस्से संपत नाहीत. दर वेळी वाटतं, हे लिहून ठेवायला पाहिजे. तेवढ्यात कोणीतरी नवीनच काढतो आणि लिहायचं राहून जातं!

नव्वदीचं दशक संपत आलेलं. शौकतभाईंच्या लेथच्या वर्कशॉपवर, पत्र्याच्या माळ्यावर कांबळे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीनं चार, तीही एका कारखान्यानं मोडीत काढलेली. विकतची सिस्टीम सरांना परवडत नव्हती आणि चोरून कॉपी मारायला ते तयार नव्हते. मग त्यांनी जगभर मोफत वाटली जाणारी, पेंग्विनच्या चित्राची सिस्टीम आणायची ठरवली. आम्ही पेंग्विन कधी बघितलाय? आम्ही तिला बदकच म्हणायचो. शौकतभाई लेथ थांबवून खालून ओरडायचे, "सर, बदक चालू झालं का?"

*

बदकाची सीडी एका मासिकाबरोबर आली होती. मासिक वाचायला म्हणून मी पलूसला मामाकडे नेलं. सकाळी बघतो तर सीडी गायब! मामानं ती पाखरं हाकलायला द्राक्षबागेत टांगलेली!

"फुकट आल्याली म्हंजी बिनकामाचीच असणार की," मामा शांतपणे म्हणाला.

फवारणीचे निळे डाग पुसून भीत भीत मशीनमध्ये घातली. चालली! सर मला महिनाभर "या बागायतदार!" म्हणायचे.

*

आमच्यातली सुनंदा पाटणची, सांगलीत मावशीकडे राहायची. तिचे वडील रिटायर्ड हवालदार. एकदा ते क्लासची पाहणी करायला आले. मशीनं बघितली, बदक बघितलं.

"फुकटाचं शिकून नोकरी कोण देतंय? दिवाळीपातूर बघतो. न्हाईतर सामान आवरायचं आन् गावाकडं!"

सर म्हणाले, "फुकट नव्हे, हवालदारसाहेब, मोकळं. उघडा, बघा, दुरुस्त करा, पुढं द्या."

"मोकळं तर आमच्या डोंगरावरचं पठार बी हाय! तिथं काय पिकतंय?"

सुनंदा गेली तर क्लासचं कसं व्हायचं? क्लासमध्ये खरं डोकं तिचंच होतं.

*

सरांचा एकच नियम. कॉपी न्या, पण दोघांना शिकवा. शौकतभाईंना हे पटेना. "असं वाटत बसला तर तुमच्याकडं काय ऱ्हाणार?"

सुनंदा म्हणाली, "आवं भाई, शेजारणीला विरजण दिलं म्हणून आपलं दही संपतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी शौकतभाईंनी गिऱ्हाइकाला मालाबरोबर द्यायचं चलन छापायला एक मशीन खाली मागितलं! बघता बघता बदक विटा, इस्लामपूर, कराडपर्यंत पोचलं. ज्यांना विकतचं कधी परवडलं नसतं अशी पोरंपोरी त्याच्यावर शिकून पोटापाण्याला लागली. आठवलं की आजही ऊर भरून येतो.

*

पण त्या चलनाची शेवटची ओळ उमटायचीच नाही, आणि नेमकी सहीची! शौकतभाई वैतागले, "सर, बदकानं शेपूट खाल्लं!"

बदकाबरोबर आलेल्या, चलन छापणाऱ्या प्रोग्रॅमचं आतलं लिखाण उघडंच होतं. सुनंदा तीन दिवस त्यात डोकं घालून बसली. चौथ्या दिवशी ओळ उमटली! सरांनी तिला सांगलीच्या सायबर कॅफेत नेलं आणि ती दुरुस्ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्या परदेशी माणसाला पाठवायला लावली. तिनं शाळेच्या दाखल्यावर असतं तसं पूर्ण नाव खाली टाकलं: सुनंदा दगडू पवार.

*

दिवाळी आली. हवालदार तिला न्यायला थेट क्लासवर आले. सुनंदाची पिशवी भरलेली, डोळे लाल. सरांनी एक कागद पुढं केला. त्या परदेशी माणसानं प्रोग्रॅमला मदत करणाऱ्यांची यादी पाठवली होती. देशोदेशीची नावं, आणि मधोमध सुनंदा.

हवालदारांनी चष्मा लावून एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. "माजं नाव हितं कसं काय?"

"मी पुरं नाव लिवलं हुतं, आण्णा."

"कुठवर जातंय हे?"

"जिथं जिथं कॉपी जाईल तिथं," सर म्हणाले.

खाली लेथ थांबला होता. शौकतभाई जिन्यात येऊन उभे राहिले. हवालदारांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चुकलंय! दगडूचा दगू केलाय ह्यानं! आता हे दुरुस्त हुतंय का?"

"हुतंय की, आण्णा. मोकळं हाय न्हवं!"

"मग ते दुरुस्त झाल्याबिगर घरला यायचं न्हाई. ऑर्डर हाय माजी!"